कणभौतिकीतील पहिले विश्लेषण: सांख्यिकीची पायरीपायरीने ओळख

एम.एस्सी.चा प्रकल्प असो वा पीएच.डी.चे पहिले वर्ष, कणभौतिकीत नव्याने येणाऱ्याला मार्गदर्शक एक डेटा फाइल देतात, शेजारच्या टेबलावरचे सीनियर एक जुना प्रोग्रॅम देतात, आणि तो चालवल्यावर आलेखासोबत ‘इतके सिग्मा’ (सिग्मा म्हणजे योगायोगाने होणाऱ्या चढउताराचे माप) असा एक आकडा बाहेर पडतो. तो आकडा नेमकी कशाची संभाव्यता सांगतो, हे समजावून सांगायला सहसा कोणाला वेळ नसतो. पदवीच्या प्रयोगशाळेत शिकवलेले त्रुटींचे गणित लंबक आणि व्होल्टमीटर यांच्यापुरते ठीक असते. एकेक घटना मोजून निष्कर्ष काढायची वेळ आली की ते अपुरे पडते. या वाटेने आधी गेलेल्याने मागून येणाऱ्यांसाठी केलेली ही नोंद आहे. तिच्यात पायऱ्यांच्या क्रमाला सर्वांत जास्त महत्त्व दिले आहे, कारण माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चुका गणिताच्या नव्हत्या. डेटा पाहून झाल्यावर प्रश्न ठरवल्यामुळे त्या झाल्या होत्या.

सुरुवातीला जवळ काय हवे

द्विपद, पॉयसन आणि गॉसियन ही तीन वितरणे हाताने मांडता येतील इतका सराव हवा. संगणकावर पायथन आणि त्यासोबत नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब एवढे पुरते. फिटसाठी, म्हणजे डेटावर फलन बसवण्यासाठी, आयमिन्युइट घ्यावे, कारण त्याच्या पोटात असलेला मिन्युइट हा प्रोग्रॅम सर्न या युरोपातील कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत १९७०च्या दशकापासून वापरात आहे आणि आजही या क्षेत्रातले बहुसंख्य फिट त्याच्यावरच चालतात. तुमचा गट रूट हे सर्नचे विश्लेषणाचे सॉफ्टवेअर वापरत असेल तर त्यातले फिटचे साधन रूफिट शिकण्यावाचून गत्यंतर नाही, पण पहिली दोन उदाहरणे तरी पायथनमध्ये स्वतः लिहून पाहावीत. पार्टिकल डेटा ग्रुपच्या आढाव्यातली संभाव्यता आणि सांख्यिकी यांवरची प्रकरणे मोफत मिळतात. ती छापून जवळ ठेवावीत.

डेटाचे म्हणाल तर मुंबईच्या टीआयएफआरमधील (टाटा मूलभूत संशोधन संस्था) किंवा पुण्याच्या आयसरमधील सीएमएस (सर्नमधला एक मोठा प्रयोग) गटात काम करणाऱ्याला तो गटाकडूनच मिळतो. बाकीच्यांसाठी सर्नने २०१४ साली खुले केलेले ओपन डेटा पोर्टल आहे. त्यावर सीएमएसची, एक लाख घटना असलेली म्यूऑनजोड्यांची (म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) एक फाइल साध्या तक्त्याच्या स्वरूपात मिळते; प्रत्येक ओळीत दोन म्यूऑनांची ऊर्जा, संवेग आणि विद्युतभार दिलेले असतात आणि जोडीचे वस्तुमान साधारण २ ते ११० जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांच्या वस्तुमानाचे एकक) या पट्ट्यात असते. ही फाइल शिकण्यासाठी निवडून काढलेली आहे. तिच्यावरून संशोधनाचा निष्कर्ष काढू नये.

एक वहीही हवी, तारखा घालून लिहिलेली. तिचे काम पहिल्याच पायरीवर पडते.

१. डेटा उघडण्यापूर्वी प्रश्न लिहा

कणभौतिकीतले प्रश्न ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. एखादी राशी मोजायची असते, जसे झेड बोसॉनचे वस्तुमान. एखादी नवी गोष्ट आहे की नाही हे ठरवायचे असते, जसे २०१२ साली हिग्ज बोसॉनच्या बाबतीत झाले. किंवा काहीच सापडले नाही तर ‘यापेक्षा जास्त असूच शकत नाही’ अशी मर्यादा घालायची असते. तिन्हींची गणिते वेगळी आहेत, आणि कोणते वापरायचे हे डेटा पाहून ठरवले तर तिन्हींपैकी एकाचाही निकाल विश्वासार्ह राहत नाही.

म्हणून वहीत आधी लिहून ठेवा: कोणत्या घटना निवडणार, निवडीच्या अटी काय, वस्तुमानाचा कोणता पट्टा पाहणार, बॅकग्राउंडचा (शोधत असलेल्या गोष्टीच्या नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या घटनांचा) अंदाज कशावरून घेणार आणि निकाल कोणत्या आकड्याने मांडणार. मोठे प्रयोग याहून पुढे जातात. ज्या भागात सिग्नल (शोधत असलेल्या गोष्टीच्या घटना) अपेक्षित असतो तो भाग ते झाकून ठेवतात आणि सगळी पद्धत पक्की झाल्यावरच उघडतात. प्रकल्पाच्या पातळीवरही हे जमते. प्रोग्रॅममध्ये तो पट्टा वगळणारी एक ओळ लिहिली की झाले. अटी थोड्या सैल केल्या की शिखर ‘जरा छान दिसते’ हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, त्यामुळे ती ओळ फार उपयोगाची आहे.

२. मोजणीचे गणित: वर्गमूळावर विसंबू नका

ठरावीक काळात घडणाऱ्या विरळ, परस्परांशी संबंध नसलेल्या घटनांची संख्या पॉयसन वितरण पाळते. त्यात सरासरी आणि व्हेरियन्स (चढउताराचा वर्ग) सारखेच असतात, म्हणून सरासरी शंभर असेल तर चढउतार दहाच्या आसपास. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. सापळा लहान आकड्यांमध्ये आहे.

समजा, बॅकग्राउंडमुळे ३ घटना अपेक्षित आहेत आणि प्रत्यक्षात ९ दिसल्या. जादा घटना ६, बॅकग्राउंडचे वर्गमूळ १.७३, म्हणून ३.४६ सिग्मा, असे उत्तर चटकन काढले जाते. आता पॉयसनने थेट मोजा: सरासरी ३ असताना ९ किंवा त्याहून जास्त घटना येण्याची संभाव्यता ०.००३८ भरते, आणि एकतर्फी गॉसियनच्या भाषेत तिचे २.६७ सिग्मा होतात. ३.४६ सिग्मा म्हणजे ०.०००२७ ही संभाव्यता. म्हणजे घाईचे उत्तर तुमचा शोध सुमारे चौदापट दुर्मीळ ठरवून बसले होते.

थेट बेरीज करणे शक्य नसेल तेव्हा, सिग्नल स आणि बॅकग्राउंड ब धरून, २ × [(स + ब) × लॉग(१ + स/ब) − स] याचे वर्गमूळ घ्यावे. लॉग अर्थातच नैसर्गिक. वरच्या उदाहरणात त्याचे उत्तर २.७९ येते, म्हणजे खऱ्याच्या बरेच जवळ. स हे ब च्या मानाने अगदी लहान असेल तेव्हाच हे सूत्र स भागिले ब चे वर्गमूळ या ओळखीच्या रूपात येते. प्रयोगाची आखणी करताना, डेटा येण्याआधी संवेदनक्षमता सांगायला हेच सूत्र वापरतात.

३. बॅकग्राउंड तुम्हाला नेमका माहीत नसतो

वरच्या हिशेबात ३ हा आकडा जणू देवाने सांगितल्यासारखा धरला होता. प्रत्यक्षात तो कुठून तरी मोजावा लागतो. बहुधा सिग्नल नसलेला एक शेजारचा भाग निवडतात, त्याला कंट्रोल रीजन म्हणतात, आणि तिथल्या घटनांवरून सिग्नलच्या भागातले बॅकग्राउंड काढतात.

आपलेच उदाहरण पुढे नेऊ. कंट्रोल रीजन सिग्नलच्या भागाच्या तिप्पट आहे आणि त्यात ९ घटना दिसल्या. म्हणून सिग्नलच्या भागात अपेक्षित बॅकग्राउंड ३, आणि त्याची अनिश्चितता १. आता दोन्ही भागांचे पॉयसन एकत्र मांडायचे, बॅकग्राउंड ही अज्ञात राशी मोकळी सोडायची, आणि ‘सिग्नल शून्य’ व ‘सिग्नल हवा तेवढा’ या दोन गृहीतकांच्या सर्वोत्तम लाइकलिहूडांचे (लाइकलिहूड म्हणजे ते गृहीतक धरल्यास आपल्याला मिळालेला डेटा मिळण्याची संभाव्यता) गुणोत्तर घ्यायचे. या उदाहरणात सगळे आटोपून १८ गुणिले लॉग (४/३) एवढेच उरते. त्याचे वर्गमूळ २.२८. कागदावर करून पाहा, अर्ध्या पानात बसते.

म्हणजे एकाच डेटावरून घाईने ३.४६, बॅकग्राउंड पक्के धरून २.६७ आणि ते मोकळे सोडून २.२८. तिन्ही आकडे ‘सिग्मा’च आहेत. कोणी सिग्मा सांगितला की तो कसा काढला हे विचारण्याची सवय इथूनच लावून घ्यावी. ज्यांची किंमत आपल्याला नको असते पण ज्यांच्याविना हिशेब होत नाही अशा बॅकग्राउंडसारख्या राशींना न्यूसन्स पॅरामीटर म्हणतात. मोठ्या विश्लेषणात ते शेकड्याने असतात, पण गणित हेच.

४. लाइकलिहूडने फिट करा

आता म्यूऑनजोड्यांची फाइल उघडा. तयार दिलेले वस्तुमान वापरण्याआधी ऊर्जा आणि संवेग यांवरून ते स्वतः काढून जुळते का पाहा. विरुद्ध विद्युतभाराच्या जोड्या वेगळ्या करा. हिस्टोग्रामवर ३.१ जीईव्हीजवळ जे-साय, ९.५ जवळ अप्सिलॉन आणि ९१ जवळ झेड अशी या तीन कणांची शिखरे दिसायला हवीत.

पहिला फिट जे-सायचा करावा. साधारण २.९ ते ३.३ जीईव्ही हा पट्टा घ्या, शिखरासाठी गॉसियन, बॅकग्राउंडसाठी घातांकी फलन. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. जे-सायची नैसर्गिक रुंदी जेमतेम ९३ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) आहे; आलेखावरचे शिखर त्याच्या शेकडोपट रुंद दिसते, आणि ती रुंदी जवळजवळ सगळी डिटेक्टरच्या मापनक्षमतेची असते. झेडची नैसर्गिक रुंदी मात्र सुमारे २.५ जीईव्ही आहे, म्हणून तिथे ब्राइट-विग्नर (अल्पायुषी कणाच्या शिखराचा नैसर्गिक आकार) आणि गॉसियन यांचे संयुक्त फलन घ्यावे लागते. दोन्हींच्या डाव्या अंगाला थोडी शेपटी दिसते. म्यूऑनाने वाटेत फोटॉन सोडल्याने जोडीचे वस्तुमान कमी भरते. ती शेपटी नुसत्या गॉसियनमध्ये बसत नाही, आणि बसत नाही म्हणून तो भाग कापून टाकणे हा उपाय नाही. शेपटी असलेले क्रिस्टल बॉल हे फलन त्याच कामासाठी आहे.

नवख्यांना इथे हमखास नडणाऱ्या गोष्टी अशा:

• काय-वर्ग पद्धतीत (डेटा आणि फलन यांतला फरक त्रुटीने भागून त्याच्या वर्गांची बेरीज करतात ती) बिनची, म्हणजे हिस्टोग्रामच्या एका खणाची, त्रुटी म्हणून दिसलेल्या संख्येचे वर्गमूळ घेतले तर रिकाम्या बिनची त्रुटी शून्य होते, आणि बहुतेक प्रोग्रॅम असे बिन गुपचूप वगळतात. शिवाय कमी भरलेल्या बिनना जास्त वजन मिळून शिखराचे क्षेत्रफळ पद्धतशीरपणे कमी येते. पॉयसन लाइकलिहूड वापरला की दोन्ही अडचणी राहत नाहीत.

• मिन्युइटला लॉग-लाइकलिहूड दिला असेल तर त्रुटीसाठीची वाढ ०.५ ठेवावी लागते, काय-वर्ग दिला असेल तर १. ऋण लॉग-लाइकलिहूड देऊन १ तसाच ठेवला तर प्रत्येक त्रुटी १.४१ पट मोठी छापली जाते आणि प्रोग्रॅम चकार शब्द काढत नाही.

• एकूण किती घटना सापडल्या हेही मोजायचे असेल, तर एकूण संख्येचे पॉयसन पद जोडलेला विस्तारित लाइकलिहूड घ्यावा.

फिट ‘यशस्वी’ असा संदेश आला म्हणून तो बरोबर आहे असे नाही. प्रत्येक बिनमध्ये डेटा वजा फिट भागिले त्रुटी असा आलेख खाली काढा. त्यात लाट दिसली तर फलन चुकीचे आहे, मग काय-वर्ग कितीही देखणा असो.

५. पी-व्हॅल्यू, पाच सिग्मा आणि ‘कुठे कुठे पाहिले’ हा प्रश्न

पी-व्हॅल्यू म्हणजे सिग्नल नाही असे धरल्यास आपल्याला दिसला तितका किंवा त्याहून टोकाचा डेटा दिसण्याची संभाव्यता. ‘सिग्नल नसण्याची संभाव्यता’ असा तिचा अर्थ नाही. वर्तमानपत्रांनी ही गफलत केली तर एक वेळ समजू शकते. प्रबंधात ती चालत नाही. पाच सिग्मा म्हणजे एकतर्फी पी-व्हॅल्यू २.९ भागिले एक कोटी, म्हणजे साधारण ३५ लाखांत एक. ४ जुलै २०१२ रोजी सर्नमधल्या ॲटलास आणि सीएमएस या प्रयोगांनी हिग्जसारख्या कणाची घोषणा केली, तेव्हा दोघांचेही आकडे याच उंबरठ्याच्या आसपास होते.

इतकी कडक अट का, याचे निम्मे उत्तर शोधाच्या विस्तारात आहे. वीस स्वतंत्र ठिकाणी पाहिले तर त्यांपैकी निदान एका ठिकाणी ०.०५ पेक्षा लहान पी-व्हॅल्यू योगायोगाने मिळण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून विशिष्ट वस्तुमानाजवळचा स्थानिक सिग्मा आणि सगळा पट्टा जमेस धरून काढलेला व्यापक सिग्मा असे दोन आकडे द्यावे लागतात. डिसेंबर २०१५ मध्ये ॲटलास आणि सीएमएस या दोघांनाही दोन फोटॉनांच्या वस्तुमानात ७५० जीईव्हीजवळ उंचवटा दिसला. ॲटलासच्या पुढच्या वर्षीच्या शोधनिबंधात त्याचा स्थानिक सिग्मा ३.९ होता, व्यापक मात्र २.१. सिद्धान्तवाल्यांनी त्यावर शेकडो निबंध लिहिले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत अधिक डेटा मांडला गेला तेव्हा उंचवटा उरला नव्हता. त्या प्रकरणात कोणीही हिशेबात चूक केली नव्हती, २.१ हा आकडा पहिल्यापासून खरेच सांगत होता.

इथे विल्क्सच्या १९३८च्या प्रमेयाचा आधार घेतला जातो: लाइकलिहूड गुणोत्तराच्या लॉगची उणे दुप्पट काय-वर्ग वितरण पाळते. पण त्याच्या अटी आहेत. सिग्नलच नसेल तर त्याच्या वस्तुमानाला काही अर्थ उरत नाही, त्यामुळे वस्तुमान मोकळे सोडलेल्या फिटला हे प्रमेय जसेच्या तसे लागू होत नाही. अशा वेळी संगणकावर खोटे प्रयोग, ज्यांना टॉय म्हणतात, तयार करून वितरण प्रत्यक्ष काढावे. टॉयलाही मर्यादा आहे: पाच सिग्मा तपासायला एक कोटी टॉय चालवले तरी सरासरी तीनच त्या टोकाला पोहोचतील. म्हणूनच मोठे प्रयोग कमी सिग्मापर्यंत टॉयने खात्री करून पुढे सूत्रांवर जातात.

६. काही सापडले नाही तर मर्यादा घाला

शून्य घटना हाही निकाल असतो, आणि त्याचे गणित सर्वांत सोपे आहे. बॅकग्राउंड नसताना शून्य दिसले, तर ज्या सरासरीला शून्य दिसण्याची संभाव्यता १० टक्के असते ती सरासरी २.३, म्हणून ९० टक्के विश्वासपातळीला सिग्नल २.३ पेक्षा कमी. ९५ टक्क्यांना हाच आकडा ३.० होतो.

प्रोटॉनाच्या क्षयाचा शोध हे याचे उत्तम उदाहरण. टीआयएफआरच्या सहभागाने १९८०च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीतही हा शोध घेतला गेला होता. जपानच्या सुपर-कामिओकांडेने २०२० मध्ये ४५० किलोटन-वर्षांचा डेटा तपासला आणि प्रोटॉनाचे पॉझिट्रॉन व उदासीन पायॉन यांत विघटन झाल्याची एकही घटना सापडली नाही. आता हिशेब करू. एक किलोटन पाण्यात सुमारे ३.३ × १० चा ३२वा घात इतके प्रोटॉन असतात. त्याला ४५० ने गुणा, घटना टिपण्याची कार्यक्षमता सुमारे ४० टक्के धरा आणि २.३ ने भागा. उत्तर येते साधारण २.६ × १० चा ३४वा घात वर्षे. प्रसिद्ध झालेली मर्यादा २.४ × १० चा ३४वा घात वर्षे आहे. पाकिटाच्या पाठीवरचा हिशेब इतका जवळ जातो, हे पाहून मला या विषयाची धास्ती वाटेनाशी झाली.

बॅकग्राउंड असले की गुंता होतो. ३ घटना अपेक्षित असताना शून्य दिसल्या, तर ९५ टक्क्यांची सरळ मर्यादा ३.० वजा ३, म्हणजे जवळपास शून्य येते. बॅकग्राउंड योगायोगाने कमी पडले म्हणून ज्या सिग्नलबाबत प्रयोगाला काही कळूच शकत नाही तोही फेटाळला जातो. यावर सर्नच्या लेप या जुन्या प्रवेगकाच्या काळात सीएलएस ही पद्धत निघाली: सिग्नल व बॅकग्राउंड मिळून आलेली संभाव्यता नुसत्या बॅकग्राउंडच्या संभाव्यतेने भागायची. आपल्या उदाहरणात बॅकग्राउंडचे पद छेदाशी कटून मर्यादा पुन्हा ३.० येते.

दुसरा सापळा असा, की डेटा पाहून ‘तीन सिग्माच्या खाली असेल तर मर्यादा देऊ, वर असेल तर मापन देऊ’ असे ठरवले, तर जाहीर केलेली ९० टक्क्यांची पातळी प्रत्यक्षात ९० टक्के राहत नाही. फेल्डमन आणि कझिन्स यांनी १९९८ मध्ये एकच नियम देऊन हा प्रश्न सोडवला. न्यूट्रिनोच्या प्रयोगांत तो सर्रास वापरतात. बेझच्या पद्धतीनेही मर्यादा काढता येते, मात्र पूर्वग्रहाचे (डेटा येण्याआधी धरलेल्या अंदाजाचे) वितरण कोणते घेतले हे लिहायलाच हवे, आणि ते बदलून आकडा किती हलतो हेही.

७. सिस्टेमॅटिक त्रुटींची यादी वेगळी करा

डेटा वाढवून सांख्यिकी त्रुटी कमी होते, सिस्टेमॅटिक (उपकरण किंवा पद्धत यांतून येणारी) होत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाने सर्नहून इटलीतील ग्रान सासोला जाणारे न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात असे जाहीर केले, तेही ६ सिग्माने. पुढे नीट न बसलेली एक ऑप्टिकल फायबरची जोडणी निघाली. सिग्मा फक्त तुम्ही यादीत लिहिलेल्या त्रुटींचाच असतो.

ऊर्जेचे प्रमाणीकरण, ट्रिगरची (कोणत्या घटना नोंदवायच्या हे ठरवणाऱ्या यंत्रणेची) कार्यक्षमता, ल्युमिनॉसिटी (टकरींच्या प्रमाणाचे माप), सिम्युलेशनचा नमुना, बॅकग्राउंडचे फलन, अशी यादी करून प्रत्येक बाब एका न्यूसन्स पॅरामीटरने लाइकलिहूडमध्ये घाला. फिटनंतर एखादा पॅरामीटर मूळ अंदाजापासून दूर सरकला असेल किंवा त्याची त्रुटी अनपेक्षितपणे आक्रसली असेल, तर पुढे जाण्याआधी कारण शोधा. निकालाशी जुळत नाही म्हणून एखादी अट बदलून पाहिली आणि फरक आला, तर तो फरक त्रुटीत मिळवून मोकळे होऊ नये. फरक का पडला हे आधी समजले पाहिजे.

८. झाकण उघडण्याआधीची तपासणी आणि निकालाचे लेखन

ज्ञात सिग्नल टाकून निदान हजार टॉय तयार करा आणि तुमचाच फिट त्यांवर चालवा. मिळालेली किंमत वजा खरी किंमत भागिले त्रुटी, या राशीची सरासरी शून्याजवळ आणि रुंदी एकाजवळ यायला हवी. सरासरी सरकली असेल तर फिट एका बाजूला झुकतो आहे. रुंदी एकापेक्षा जास्त असेल तर त्रुटी कमी दाखवल्या जात आहेत. ही तपासणी झाली की वहीतल्या अटींवर मार्गदर्शकांची सही घ्या आणि मगच झाकलेला पट्टा उघडा. उघडल्यानंतर अट बदलावी लागलीच तर ती का बदलली हे प्रबंधात स्पष्ट लिहा. परीक्षक तसे विचारतातच.

निकाल लिहिताना सांख्यिकी आणि सिस्टेमॅटिक त्रुटी वेगवेगळ्या द्या, मर्यादेसोबत अपेक्षित मर्यादाही द्या, आणि सिग्मा स्थानिक की व्यापक हे त्याच वाक्यात सांगा. त्रुटीचे दोन अर्थपूर्ण अंक पुरेत. मूळ किंमत त्याच दशांशस्थळापर्यंत छाटा. शक्य असेल तर लाइकलिहूडच उपलब्ध करून द्या. ॲटलासने २०१९ पासून काही विश्लेषणांचे पूर्ण लाइकलिहूड एचईपीडेटावर (कणभौतिकीच्या निकालांचे संकेतस्थळ) ठेवायला सुरुवात केली आहे आणि ते पायएचएफ या पायथनच्या मोफत साधनात थेट उघडतात. पुढचा सराव म्हणून त्यांपैकी एक उतरवून घ्या, त्याचा फिट चालवा आणि छापील मर्यादेशी ताडून पाहा.